चौतीसवर थांबलेली हवा

टायरच्या दुकानात बाई बसलेली दिसली की नवं गिऱ्हाईक आधी माझ्या मागं बघतं. आत कुणी तरी पुरुषमाणूस असेल, तो येईल बाहेर, अशा बेतानं उभं राहतं. मी पण उभं राहू देते. मग उठते, पदर खोचते, गाडीच्या पुढच्या डाव्या चाकापाशी बसते आणि टायरवरून तळहात फिरवते. एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. आणि सांगते, "साहेब, उजवीकडं वळताना तुम्ही लई घाई करता." मग ते माणूस मागं बघायचं सोडतं.

यात जादूबिदू काही नाही. घरात दारापाशी चपलांचा ढीग पडलेला असतो, त्यातली कुठली कुणाची हे आपण सांगतोच ना? सासऱ्यांची टाचेला झिजलेली, पोराची अंगठ्यापाशी फाटलेली. टायर ही गाडीच्या पायातली चप्पल. माणूस गाडी कशी चालवतो ते त्याच्या बायकोला ठाऊक नसतं, पण त्याच्या टायरला असतं. कडा झिजल्या तर हवा कमी ठेवतो, मध्यभाग झिजला तर जास्त भरतो, एकच बाजू करवतीसारखी हाताला लागली तर चाकं सरळ नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही. पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं, आमच्या यांचं पंक्चरचं दुकान होतं. हे गेल्यावर मी ते मोडलं नाही, वाढवलं. त्याची कहाणी सांगत बसत नाही, बायका काय काय वाढवतात. रफिकभाई तेव्हाही फिटर होते, आजही आहेत. आम्ही दोघं या धंद्यात बरोबरच म्हातारे झालो.

दिवाळी अंकाच्या लोकांनी सांगितलं, अक्का, दुकानातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. एका नवरदेवानं वरातीसाठी गाडीला एवढी थोरली चाकं बसवून घेतली (आमच्याकडं नाही, दुसरीकडं), की स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की टायर आतून घासायचा. वरात सरळ रस्त्यानं झोकात निघाली. मांडवापाशी वळायची वेळ आली तेव्हा भाऊबंदांनी मागची बाजू उचलून गाडी वळवली. नवरदेव आतच बसलेला, फेट्यासकट.

पण यंदा मी गमतीचं लिहिणार नाही. निखिलच्या गाडीचं लिहिते. त्या गाडीचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

निखिल गारखेड्याचा. वडील नाना, बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यभर स्कूटर जपून चालवलेला माणूस. आई सुमनताई. थोरली बहीण वैशाली कन्नड गावी दिलेली. निखिल पुण्याला नोकरीला होता आणि तिथं त्यानं ती गाडी घेतली. दिसायला घरगुती चार दारांची, पण इंजिन तालमीतल्या गड्याचं. स्पोर्ट सेडान म्हणतात तसली. सुट्टीवर आला की पहिल्यांदा माझ्या दुकानी यायचा, मग घरी.

"अक्का, एकोणीसची चाकं टाकतोय," एकदा म्हणाला.

"कशाला? सतरानं काय घोडं मारलं?"

"सतराची चाकं त्या कमानीत कशी दिसतात बघा ना. मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखी."

आता हे सतरा-एकोणीस काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. टायरच्या अंगावर तीन आकडे असतात. समजा २२५, ४५, १७. पहिला आकडा रुंदी. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, म्हणजे रुंदीच्या शंभरात किती ते. तिसरा आतल्या लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चाकाचा व्यास, इंचात. सगळं मिळून चाकाची बाहेरची उंची कंपनीनं ठरवलेली असते. ती बदलली की मीटर खोटं बोलायला लागतं. म्हणून आतलं चाक मोठं घेतलं की रबराची भिंत बारीक घ्यावी लागते. निखिलनं घेतलं २३५, ३५, १९. चाक थोरलं, रबर पोळीएवढं. दिसतं राजबिंडं, खोटं कशाला बोलू. वळणावर चिकटतंही. पण खड्डा आला की मधे झेलायला रबर नाही. रस्ता थेट चाकाला मारतो.

मी त्याला म्हटलं, "बाळा, टायर गाडी बघून नाही घ्यायचा. रस्ता बघून घ्यायचा, आणि आत कोण बसणार ते बघून. दाराच्या खांबावर कंपनीनं माप चिकटवलंय, ते उगीच नाही."

तो हसला. "अक्का, तुम्ही आईसारखं बोलता."

पुण्यात बसवून घेतली त्यानं ती चाकं. वर गाडीला भारदस्तपणा यावा म्हणून मूळ जागेपेक्षा जरा बाहेर काढून बसवली. दिवाळीला दाखवायला आला. बरोबर आणलेली कंपनीची सतराची चाकं सुमनताईंनी जुन्या साड्यांत गुंडाळून गॅलरीत ठेवून दिली होती, हेही त्यानंच सांगितलं, नक्कल करून: "कंपनीनं दिलंय ते टाकायचं नसतं हो!" जाताना चारी चाकांत हवा त्यानं स्वतः भरली. त्याची ती रीतच होती, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. हवा मोजायचं गेज स्वतःचं, हवेच्या तोंडाची टोपणं लाल, पितळी. प्रत्येक चाकापाशी उकिडवा बसून हवेचा आकडा मोठ्यानं म्हणायचा. चौतीस. चौतीस. चौतीस. चौतीस. माझ्याच कॉम्प्रेसरची हवा.

पुण्याला परत गेला आणि थोड्याच दिवसांत झोपेतच गेला. हृदय थांबलं म्हणाले. बत्तीस वर्षांचाही नव्हता. मित्रानं गाडी गारखेड्याला आणून लावली.

मग पुढच्या वर्षी, दिवाळी तोंडावर आलेली, सकाळी दुकान झाडून होतंय तोच ती गाडी दारात उभी. नाना चालवत होते. शेजारी सुमनताई, पदर घट्ट धरून बसलेल्या. उतरल्या आणि नानांच्या आधी बोलल्या, "अक्का, ही गाडी तपासा. तुम्ही चालवा म्हणालात तरच वैशाली हिच्यात बसेल."

वैशालीला बाळंतपणाला आणायचं होतं, दुसऱ्याच दिवशी. सातवा संपत आलेला. नानांचा हट्ट की माहेरी यायचं ते मामाच्या गाडीतून. बाळाला मामा बघायला मिळणार नाही, निदान गाडी तरी.

"गाडीला काय होतंय?" मी विचारलं.

"काही होत नाही," नाना म्हणाले.

"होतं," सुमनताई म्हणाल्या. "स्टिअरिंग आपोआप फिरतं. मी शेजारी बसून बघते ना. दर रविवारी वैशालीकडं जातो. ह्यांचे हात नुसते ठेवलेले असतात."

नाना माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाले, "मी वळवत नाही, ताई. तो वळवतो."

रफिकभाईंच्या हातातला पाना तिथंच थांबला.

मी बसले, तळहात फिरवला. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड खरखरीत झिजलेली. उजव्या वळणावर घाई करणारा हात. नाना स्कूटरवरून जाताना सायकलवाले त्यांच्या पुढं निघून जायचे, हे अख्ख्या गारखेड्याला माहीत. ही झीज नानांची नव्हती. ती निखिलची, मी ओळखत होते. पण त्याच्या वेळची झीज जुनी, गुळगुळीत व्हायला हवी होती. ही ताजी होती.

मनात म्हटलं, शोभा, आधी चालवून बघ. आमची रीत तशीच, आधी चालवायची, मग उचलायची. नाना शेजारी बसले, मी स्टिअरिंग घेतलं आणि चितेगावच्या दिशेनं निघाले. तिकडं कारखान्यांचे ट्रक चालतात, डांबरात त्यांनी खोल चाकोऱ्या पाडल्यात. गाडी त्या पट्ट्यावर आली आणि स्टिअरिंग हातात जिवंत झालं. डावीकडं ओढ, मग उजवीकडं, आतून कुणी धरल्यासारखी.

मला हायसं वाटलं, खरं सांगते. हे मला माहीत होतं. रुंद टायर, बारीक ताठ भिंत, वर चाकं बाहेर काढलेली. असलं चाक रस्त्यातली प्रत्येक चाकोरी पकडतं आणि तिच्यामागं जातं. कन्नडच्या रस्त्याला उसाचे ट्रक, तिथंही हेच. मी नानांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जसं मोठी माणसं लहान पोराचं ऐकून घेतात.

"बरोबर आहे," म्हणाले. "पुढं चला."

पुढं सिमेंटचा नवा पट्टा लागला. परातीसारखा सपाट. चाकोरी नाही, काही नाही. आणि तिथं स्टिअरिंग हळूच डावीकडं जायला लागलं. हिसका नाही. हाताला हात लावून कुणी म्हणावं, इकडून घ्या, तसं. समोर डाव्या अंगाला चहाचं पत्र्याचं हॉटेल होतं.

नानांनी डोळे मिटलेले. म्हणाले, "हॉटेल आलं ना? हवा भरून झाली की इथं थांबायचा. मला घेऊन यायचा कधी कधी."

माझ्याकडं यालाही उत्तर होतं. पाणी जावं म्हणून रस्त्याला कडेकडं उतार देतात, आपल्या बाजूनं चाललो की गाडी थोडी डावीकडं जातेच. मी ते बोलून दाखवलं. स्टिअरिंग सरळ धरून हॉटेल मागं टाकलं आणि पुढून गाडी फिरवली. येताना आपली बाजू पलीकडची, म्हणजे उतार पुन्हा डावीकडंच. गाडीनं डावीकडं जायला पाहिजे.

ती उजवीकडं गेली. उताराच्या विरुद्ध, चढ चढून, हॉटेलाच्या बाजूला.

दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून मी दुकानात आले. उतरले तेव्हा ब्लाऊज पाठीला चिकटला होता.

रफिकभाईंना म्हटलं, गाडी मशीनवर घ्या. चाकं सरळ आहेत का ते दाखवणारं यंत्र असतं. सगळं सरळ निघालं. मग जॅकवर उचलली, पुढचं डावं चाक काढून उलटं केलं, आणि रफिकभाई म्हणाले, "या अल्ला. अक्का, ये देखो."

टायरच्या आतल्या अंगाला, बाहेरून कधी दिसलाच नसता अशा जागी, कैरीएवढा फुगा. चाकाची आतली कडही चेपलेली. कुठल्यातरी खड्ड्यानं भिंतीतले दोरे तुटले होते. असा फुगा आला की आत हवा धरून ठेवायला नुसतं रबर उरतं. ते आज फुटेल, नाही तर चार दिवसांनी. त्या टायरवर मी आत्ताच जाऊन आले होते आणि उद्या त्याच्यावर पोटुशी लेक बसणार होती.

"हवा बघा," मी म्हटलं. रफिकभाईंनी गेज लावलं. परत लावलं. आतून दुसरं गेज आणलं.

"अक्का, चौतीस बता रहा."

"बाकीची?"

चौतीस. चौतीस. चौतीस.

आता बघा, टायर कितीही चांगला असला तरी हवा हळूहळू उतरतेच. महिन्याला थोडी थोडी. वर्षभर कुणी बघितलं नाही तर चाक बसायला आलेलं असतं. फुगा आलेलं तर नक्कीच.

मी सुमनताईंना बाजूला घेऊन विचारलं, "पंपावर भरून घेतलीत ना तुम्ही? नानांना न सांगता?"

"मी? मला वाटलं हेच भरतात."

नानांना ऐकू गेलं. "कुणी हात लावलेला नाही," म्हणाले. "पंपावरच्या पोरांनाही मी सांगतो, हवा बघू नका. ती त्यानं भरलेली आहे."

मी त्यांना फुगा दाखवला. हाताला लावून दाखवला. म्हटलं, "नाना, हा टायर काढावा लागणार. हवा सोडावी लागणार."

"एवढा एक बदला. बाकीचे तीन राहू द्या."

"पुढच्या जोडीत एक नवा, एक जुना चालत नाही. ओल्या रस्त्यावर एक धरतो, एक सोडतो. आणि मापच चुकीचं आहे हो. तो एकटा होता, जवान होता. तुम्ही आता कुणाला घेऊन जाणार? कंपनीचं सतराचं माप, चांगली उंच भिंत, वजन पेलणारा टायर. आतलं बाळ हिंदकळणार नाही असा."

"माप बदललं तर तो यायचा नाही."

"नाना, हा वेगात फुटला तर गाडी सरळ डावीकडच्या खड्ड्यात. मग स्टिअरिंग कोण धरणार?"

"निखिल धरेल."

मागं कॉम्प्रेसर धडधडत होता. सुमनताई पुढं आल्या. त्या कधी मोठ्यानं बोलत नाहीत, तेव्हाही बोलल्या नाहीत.

"धरेल? अहो, त्याला स्वतःला धरता आलं नाही. आपल्याला धरता आलं नाही. आणि वैशालीला तुम्ही त्याच्या हवाली करताय?"

नानांनी फुग्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "चाकं गॅलरीत आहेत. आणा."

सुमनताई रिक्षानं गेल्या. नाना त्या काढलेल्या चाकापाशी उकिडवे बसले, अगदी तो बसायचा तसे. लाल टोपण काढून खिशात ठेवलं आणि मला विचारलं, "कुठं दाबायचं?" मी दाखवलं. मधली सुई गाडीच्या किल्लीनं दाबायची.

रफिकभाईंनी न सांगता कॉम्प्रेसर बंद केला.

हवा सुटली. टायरची हवा म्हणजे फुस्स होते, सुरुवातीला जोर, मग ढिली पडते, संपते. इतकी वर्षं तो आवाज ऐकतेय, झोपेतही सांगेन किती उरली. ही तशी सुटली नाही. एकाच जोरात, एका पट्टीत, येतच राहिली. रफिकभाई ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होते. नानांनी दुसरा हात त्या तोंडासमोर धरला आणि मान वर केली.

"ताई, गरम आहे."

टायर कितीही तापलेला असू दे, तोंडातून सुटणारी हवा गारच लागते. कुठल्याही पंक्चरवाल्याला विचारा. मी हात पुढं केला. गरम होती. ओलसर. हिवाळ्यात पोरं तळहातावर हा हा करतात ना, तशी.

मग थांबली. हळू न होता, एकदम. नानांनी टोपण परत लावलं. रिकाम्या चाकाला.

बाकीची तीन चाकं आम्ही हवेसकट उतरवली. तेवढं तर करता येत होतं, त्यांना फुगा नव्हता. "विकू नका," नाना म्हणाले. "घरी नेली तर हिला बघवणार नाहीत. तुमच्याकडं ठेवा." रफिकभाईंनी खडूनं प्रत्येकावर खूण केली, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं, आणि माळ्यावर आडवी ठेवून दिली. सुमनताई लोडिंग रिक्षातून चाकं घेऊन आल्या. साड्या सोडल्या तर आत नवी कोरी. त्यांवर नवे टायर चढवले. टायरच्या अंगावर कुठल्या आठवड्यात बनला ते छापलेलं असतं, ते मी नानांना वाचून दाखवलं, कारण दुकानात पडून राहिलेला टायर दिसायला नवा असतो आणि आतून कडक झालेला असतो. हवा मी भरली. बत्तीस, दाराच्या खांबावर लिहिलेली.

परत त्याच रस्त्यानं गेलो, या वेळी नाना चालवायला, मी शेजारी. चाकोऱ्यांवरून गाडी गुमान गेली. सिमेंटचा पट्टा आला, हॉटेल आलं, मागं गेलं. स्टिअरिंग हललं नाही. नाना हॉटेलाकडं न बघता म्हणाले, "गेला." एवढंच. मला तेव्हा वाटलं, आपण गाडी दुरुस्त केली खरी, पण या माणसाकडून काय काढून घेतलं ते आपल्यालाही कळलेलं नाही. अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी वैशाली मामाच्या गाडीतून माहेरी आली. सबंध वाट झोपून आली, सुमनताईंनी फोन करून सांगितलं. मुलगी झाली. आता दुकानात येते, हवेच्या पाइपला साप म्हणते. नानांचे टायर मी दर खेपेला तपासते. चारी सारखे झिजलेत, आखल्यासारखे. घाईची एक रेघ नाही. स्कूटरवाल्या नानांची झीज.

आणि माळ्यावरची तीन चाकं.

नाना मधूनमधून येतात. चहा होतो, मग विचारतात, "आहेत ना?" मी वर जाऊन गेज लावते आणि खाली येऊन आकडा सांगते. चौतीस. नाना मान हलवतात, घरी जातात. पहिल्या काही खेपांना मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला माहीत होतं. रफिकभाई भरत असणार. मायाळू माणूस आहे, म्हाताऱ्याचं मन राखण्यासाठी गुपचूप भरत असणार. मी कधी विषय काढला नाही. चांगल्या कामाला असं विचारून लाजवू नये.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईला आम्ही दोघं माळा काढत होतो. त्या चाकांपाशी आलो तेव्हा रफिकभाई फडकं हातात धरून थांबले आणि म्हणाले, "अक्का, एक बात बोलूं? बुरा नको मानो. तुम लई अच्छा काम करते. नाना के वास्ते."

"मी काय केलं?"

"यही. हवा भरते ना तुम, इनमें."

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्यांना माझ्या तोंडावर काय दिसलं ते तेच जाणोत.

"मैं समझा, तुम भरते," ते म्हणाले.

चाकांवर बोटभर धूळ होती. टोपणांवरही. कुणी ती फिरवल्याची, पुसल्याची खूण नव्हती. खडूची अक्षरं रफिकभाईंनी लिहिली तशीच, ठळक.

तेव्हापासून दुकानात एकटं असताना आम्ही माळ्यावर चढत नाही. नाना आले की दोघं शिडीपाशी जातो. रफिकभाई खाली शिडी धरतात, मी गेज लावते, आणि नाना खालून विचारतात, "किती?"

मी सांगते. खोटं बोलावं लागत नाही, त्याचीच भीती वाटते.